‘डुलॅली’ : एका शब्दाचा ताप

मराठीने इंग्रजीला कोणते शब्द दिले, असा प्रश्न पदव्युत्तर वर्गात निघाला की उत्तर बहुधा मुंगसापाशी येऊन थांबते. मराठीतील ‘मुंगूस’ इंग्रजीत ‘माँगूस’ होऊन रुळला, एवढे सांगून अध्यापक पुढच्या मुद्द्याकडे वळतात. फारसी, हिंदुस्थानी, तमिळ या भाषांनी इंग्रजीला जे पुरवले त्याच्या तुलनेत मराठीच्या नावावरची जमा तुटपुंजी आहे, हे खरेच. मात्र या जमेत एक शब्द असा आहे की तो दिला गेला हे देणाऱ्यालाही कळले नाही आणि घेणाऱ्याच्या स्मरणातूनही लवकरच गेला. तो शब्द ‘डुलॅली’. आजच्या इंग्रजी कोशांत तो विशेषण म्हणून नोंदलेला आढळतो. अर्थ दिलेला असतो वेडसर, भ्रमिष्ट, डोके ठिकाणावर नसलेला. त्यापुढे ‘अनौपचारिक, ब्रिटिश’ अशी सूचना आणि व्युत्पत्तीच्या कंसात एका गावाचे नाव. ते गाव नाशिकजवळचे देवळाली होय.

शब्दाच्या उपयोजनाकडे प्रथम पाहिले पाहिजे, कारण त्याचा आजचा स्वभाव त्यातून कळतो. ‘डुलॅली’ हे विशेषण नामाच्या आधी क्वचितच येते. ते बहुधा विधेयाच्या जागी येते आणि त्याच्याबरोबर येणारे क्रियापद ‘असणे’ यापेक्षा ‘जाणे’ हे अधिक असते. मराठीत माणूस वेडा ‘होतो’, किंवा त्याला वेड ‘लागते’. इंग्रजीत तो ‘डुलॅली’ला ‘जातो’. अर्थात या ‘जाण्या’त आजच्या वक्त्याला प्रवास अभिप्रेत नसतो. इंग्रजीत दूध नासले तरी ते ‘जाते’ आणि माणूस बहिरा झाला तरी तो ‘जातो’. परंतु या एका शब्दापुरते पाहिले तर हे ‘जाणे’ एके काळी अक्षरशः खरे होते, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. शब्दाचा सूर सौम्य आणि हसरा आहे. न्यायालयात किंवा वैद्यकीय अहवालात तो येणार नाही. घरातला कोणी चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधू लागला, एखाद्या कार्यालयातील संगणक विचित्र वागू लागला, की तो येतो. ज्याच्याविषयी तो उच्चारला जातो त्याचा तो फारसा अपमान करीत नाही. असे शब्द भाषेत टिकतात.

हा हसरेपणा मात्र शब्दाच्या जन्मावेळी नव्हता. जन्मावेळी तो एकटाही नव्हता. त्याचे पूर्ण रूप ‘डुलॅली टॅप’ असे होते. पहिल्या महायुद्धातील शिपाई व खलाशी यांच्या बोलीचा फ्रेझर आणि गिबन्स यांनी सिद्ध केलेला कोश १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही जोडी नोंदलेली आहे. छापील नोंद इतक्या उशिरा मिळते याचे नवल वाटायला नको. हिंदुस्थानातील इंग्रजी शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह, ‘हॉब्सन-जॉब्सन’, १८८६ सालचा आहे. पण त्याचा आधार मुख्यतः प्रवासवर्णने, पत्रव्यवहार आणि कंपनीचे कागद हा होता. लिहिणारे अधिकारी होते, व्यापारी होते, पाद्री होते. बराकीतल्या शिपायाची भाषा ही बोलण्यापुरतीच होती. ती छापण्यायोग्य मानली गेली ते महायुद्धाने लाखो सुशिक्षित तरुणांना त्याच बराकीत नेऊन बसवल्यानंतर.

देवळालीची छावणी १८६१ साली स्थापन झाली. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या पलटणींची संख्या वाढवण्यात आली. पुढील अनेक दशके साठ ते सत्तर हजारांच्या घरात गोरे शिपाई या देशात असत. त्यांना मुंबईच्या बंदरात उतरवून घ्यायचे आणि मुदत संपली की त्याच बंदरातून परत पाठवायचे, तर मधल्या मुक्कामासाठी जागा हवी. ती मुंबईच्या दमट हवेत नको आणि मुंबईपासून फार दूरही नको. घाटमाथ्यावरचे, कोरड्या हवेचे देवळाली या हिशेबात बरोबर बसले. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ साली पुरा झाल्यावर मुंबईहून सुमारे १८० किलोमीटरवरचे हे ठिकाण बंदराला सरळ जोडले गेले. खास हिंदुस्थानच्या वाहतुकीसाठी सरकारने पाच मोठी जहाजे १८६६ पासून समुद्रात उतरवली. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. पुढे १८७० च्या कायद्याने अल्प मुदतीची भरती सुरू झाली. एकूण करार बारा वर्षांचा, त्यांतली काही वर्षे प्रत्यक्ष पलटणीत व उरलेली मायदेशी राखीव दलात, अशी ही पद्धत होती. पूर्वी शिपाई आयुष्य पलटणीतच काढी. आता दरवर्षी नवे शिपाई येऊ लागले आणि मुदत भरलेले परत जाऊ लागले. देवळालीच्या छावणीला तिचे खरे काम या ये-जा करणाऱ्यांनी दिले.

या व्यवस्थेत एक खोच होती. सैनिकांची जहाजे वर्षभर चालत नसत. ऑक्टोबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातील उष्म्यात माणसे भरलेले जहाज नेणे जिवावरचे होते, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र काय असतो हे कोकणच्या किनाऱ्यावरच्या कोणालाही सांगायला नको. त्यामुळे हंगामाचे शेवटचे जहाज ज्याचे चुकले त्याला पुढच्या ऑक्टोबरची वाट पाहत बसावे लागे. एप्रिल आणि मे हे दोन महिने माळावरच्या धुळीत जायचे आणि पुढचे चार पावसाच्या झडीत. तारीख संपलेली असे, पलटण मागे राहिलेली असे. घर अजून सहा हजार मैलांवर असे.

फ्रँक रिचर्ड्स हे या अवस्थेचे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स या पलटणीत साधे शिपाई म्हणून त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात काही वर्षे काढली आणि १९३६ साली ‘ओल्ड-सोल्जर साहिब’ या नावाने त्या दिवसांचे स्मरण प्रसिद्ध केले. रिचर्ड्स खाणकामगारांत वाढलेले. त्यांच्या लेखनाला रॉबर्ट ग्रेव्हज यांचा हात लागला असला, तरी त्यातील नजर बराकीतलीच आहे. अधिकाऱ्यांच्या आठवणींचे ढीग उपलब्ध असताना हिंदुस्थानातील साध्या गोऱ्या शिपायाने स्वतःविषयी लिहिलेली पुस्तके बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, म्हणून या पुस्तकाचे मोल मोठे. देवळालीविषयी ते जे सांगतात त्याचा आशय असा : मुदत भरलेल्या शिपायांजवळ तिथे शस्त्रे नसत, साजसरंजाम नसे. अधूनमधून सामान मांडून दाखवायचे, कधीतरी लांबवर चालून यायचे, एवढेच काम. दिवस सरता सरत नसे. ज्यांनी सबंध नोकरीत एकही डाग लावून घेतला नव्हता अशी माणसे इथे येऊन गंभीर गुन्हे करीत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. काही गुप्तरोग जडवून घेऊन रुग्णालयात पडत. एखादा विचित्र वागू लागला की त्याला ‘डुलॅली टॅप’ झाला आहे असे म्हणण्याची जी रीत शिपायांत होती, ती या छावणीतील कंटाळ्यातून निघाली असावी, असे रिचर्ड्स यांचे मत आहे.

मत म्हणूनच ते त्यांनी मांडले आहे आणि मत म्हणूनच ते घ्यावे. परंतु त्याच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट त्यांच्याच वर्णनात आहे. शिपायाचे मन ज्या दोऱ्यांनी बांधलेले असते त्या सगळ्या देवळालीत एकदम सुटत होत्या. बंदूक गेली होती, पलटण गेली होती आणि रोजचा ठरलेला क्रमही गेला होता. इतकी वर्षे ज्या कवायतीला त्याने शिव्या दिल्या, तिने आपल्याला उभे धरले होते हे त्याला ती थांबल्यावर कळत असावे. रणांगणावरचे भय किंवा जंगलातला हिवताप यांनी वेड लागले तर ते समजण्यासारखे आहे. इथे वेड लागत होते ते कसलेच संकट उरले नाही अशा ठिकाणी, घरी जाण्याची परवानगी हातात असताना. ‘मुदत भरलेला’ हा शिपायांच्या इंग्रजीतला शब्द मराठी कानाला जरा अशुभच वाटतो.

अनेक लोकप्रिय पुस्तके याहून सोपे स्पष्टीकरण देतात. देवळालीला वेड्यांचे लष्करी रुग्णालय होते म्हणून गावाचे नाव वेडाला चिकटले, असे ते स्पष्टीकरण आहे. ते आकर्षक आहे, कारण ते एका वाक्यात संपते. पण ज्यांना खरोखर मनोविकार जडला अशा शिपायांना मायदेशी नेण्याची व्यवस्था सरकारने वेगळी केली होती. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेटली येथे सैनिकांचे प्रचंड रुग्णालय होते आणि १८७० मध्ये त्यातच मनोरुग्णांसाठी स्वतंत्र इमारत उघडली गेली. तिकडे जाणारे काही रुग्ण देवळालीच्या रुग्णालयात थांबलेही असतील. हिंदुस्थानातील गोऱ्या मनोरुग्णांचा प्रश्न राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेशी कसा जोडला गेला होता, याचे विवेचन वॉल्ट्रॉड अर्न्स्ट यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. वेडा झालेला साहेब एतद्देशीयांच्या दृष्टीस पडू नये, त्याला शक्य तितक्या लवकर बोटीत बसवावे, हे धोरण त्यामागे होते. या पार्श्वभूमीवर ‘डुलॅली’ शब्दाकडे पाहिले की एक भेद स्पष्ट होतो. नेटलीच्या नोंदवहीत ज्यांची नावे गेली ते रुग्ण ठरले. देवळालीच्या झाडाखाली बसून स्वतःशी बोलणारा, विनाकारण मारामारी करणारा, चांगल्या वर्तनाचे पदक गळ्यात असताना चोरी करणारा शिपाई रुग्ण ठरत नव्हता. त्याला वैद्यकाने नाव दिले नाही. मग त्याच्या सोबत्यांनी दिले.

ते देताना त्यांनी हाताशी असलेला शब्द वापरला नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. शिपायांच्या बोलीत वेड्यासाठी हिंदुस्थानी ‘पागल’ आधीच शिरला होता. त्याची ‘पॉगल’, ‘पगली’ अशी रूपे ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये नोंदलेली आहेत. तरीही नव्या शब्दाची गरज पडली. ‘पागल’ हा शब्द माणूस कसा आहे ते सांगतो. ‘डुलॅली टॅप’ सांगत होता की माणूस असा नव्हता, तो अमुक जागी गेला आणि तिथे त्याला काहीतरी झाले. एका शब्दात दोष माणसाकडे आहे, दुसऱ्यात तो जागेकडे आहे. बराकीतल्या माणसांनी आपल्यातल्याच एकावर केलेली ही मेहरबानी म्हणावी लागेल, आणि ती करताना व्याकरणातला षष्ठीचा संबंध त्यांनी नकळत फार अचूक वापरला : देवळालीचा ताप.

येथे जोडीतल्या दुसऱ्या शब्दाकडे वळले पाहिजे. ‘टॅप’ म्हणजे ताप, याविषयी कोशकारांत मतभेद नाही. मतभेद आहे तो शब्द कोठून घेतला याविषयी. काही कोश संस्कृत ‘ताप’ दाखवतात, काही फारसीकडे बोट करतात. दोन्ही खरे ठरू शकते. संस्कृत ‘तप्’ हा धातू आणि फारसीतील ज्वरवाचक शब्द हे एकाच घराण्यातले. लॅटिनमधील कोमटपणा सांगणारा शब्द, आणि त्यावरून आलेला इंग्रजी ‘टेपिड’, हाही त्याच घराण्यातला. म्हणजे शिपायाने परक्या भाषेतून उचललेला ‘टॅप’ त्याच्याच भाषेतील एका शब्दाचा दूरचा चुलतभाऊ निघाला. शिपाई ज्या भाषेत भिश्ती, धोबी, खानसामा यांच्याशी बोलत ती मोडकी हिंदुस्थानी होती, मराठी नव्हती. तेव्हा शब्द त्या वाटेने आला असणे अधिक संभवनीय. उच्चाराने प्रश्न सुटत नाही. दीर्घ ‘ताप’मधला आकार इंग्रजी कानाने ‘टाप’ असा घेतला असता आणि ऱ्हस्व ‘तप’मधला अकार ‘टप’ असा. ‘टॅप’ हे रूप या दोहोंशी नीट जुळत नाही. बोलीतला शब्द रोमन अक्षरांत बसवला गेला आणि पुढे अक्षरांवरून वाचला गेला, असे मानले तर ही विसंगती उलगडते. मराठीच्या अभिमानासाठी ‘ताप’वर हक्क सांगण्याची आवश्यकता नाही. गावाचे नाव आपले आहे तेवढे पुरे.

मात्र मराठी वाचकाला ‘ताप’ या शब्दात जे ऐकू येते ते इंग्रजी कोशात कधीच येणार नाही. मराठीत ताप हा अंगात भरतो तसा मनातही भरतो. मनस्ताप, संताप, पश्चात्ताप, अनुताप असा त्याचा विस्तार आहे. आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक या त्रिविध तापांचा उल्लेख संतवाङ्मयात पदोपदी येतो. आणि इतक्या उंचीवरून उतरून तोच शब्द ‘डोक्याला ताप’ या रोजच्या वाक्प्रचारात घरोघरी वावरतो. थर्मामीटरने मोजता येणारी उष्णता आणि कशानेही मोजता न येणारा त्रास यांच्यामध्ये मराठीने भिंत घातली नाही. ‘डुलॅली टॅप’ म्हणणाऱ्या शिपायाला यातले काही ठाऊक नव्हते. तरी हिवतापाने फणफणणाऱ्या माणसाची बडबड त्याने पाहिली होती, आणि ज्याचे अंग थंड आहे तोही तशीच बडबड करतो हेही पाहिले होते. ताप नसलेल्या माणसाला ताप आहे असे म्हणणे ही लक्षणा आहे. ती त्याने कोणत्याही काव्यशास्त्राच्या मदतीशिवाय साधली.

पुढे शब्द इंग्लंडला पोचला आणि तिथे त्याचा ‘ताप’ उतरला. इंग्रजीत ‘टॅप’ म्हणजे हलकी थाप, आणि ‘टॅप’ म्हणजे पाण्याचा नळ. ज्यांनी हिंदुस्थान पाहिला नव्हता त्यांना ‘डुलॅली टॅप’ म्हणजे डोक्यावर कोणीतरी मारलेली टिचकी वाटू लागली. इंग्रजीत किंचित वेडसर माणसाला ‘स्पर्श झालेला’ म्हणण्याची रीत आधीपासून होतीच. तिने या समजुतीला आधार दिला असावा. लोकव्युत्पत्तीचे हे नमुनेदार उदाहरण आहे. टिचकी अनावश्यक वाटल्यावर ती गळून पडली आणि ‘डुलॅली’ एकटा राहिला. हा संक्षेप वरवर निरुपद्रवी दिसतो, परंतु गेला तो नेमका कारण सांगणारा शब्द. ‘ताप’ होता तोवर हा आजार होता, तो जडत होता आणि उतरण्याची शक्यता होती. ‘ताप’ गेल्यावर उरला तो एक गमतीदार आवाज.

गावाच्या नावातही असाच एक अर्थ हरवला. देवळालीच्या व्युत्पत्तीत खोल शिरण्याचे कारण नाही. स्थलनामांच्या बाबतीत उत्साह आवरता घेणेच बरे, आणि राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा म्हणून आणखी एक देवळाली आहेच. तरी या नावातले ‘देऊळ’ मराठी माणसाला व्युत्पत्ती न शिकताही ऐकू येते. इंग्रजांनी ते लिहिताना ‘व’चा ‘ओ’ केला आणि ‘ळ’चा ‘ल’. शिपायांनी पुढे जाऊन ‘देओ’चा ‘डू’ केला आणि आघात दुसऱ्या अक्षरावर टाकला. देऊळ नाहीसे झाले. जे उरले ते इंग्रजी कानाला फार ओळखीचे वाटले. ‘सिली’ म्हणजे खुळचट, ‘डिली-डॅली’ म्हणजे रेंगाळणे. अशा हलक्या, लडिवाळ, किंचित तुच्छतादर्शक शब्दांत इंग्रजीने लकार भरलेला आहे. मऊ, कुलाबा, खडकी येथेही गोरे शिपाई होते आणि तेही कंटाळत असतील. त्या गावांच्या नावांचे विशेषण झाले नाही. छावणीचे वैशिष्ट्य हे शब्दाच्या जन्माचे कारण असेल, पण त्याच्या दीर्घायुष्याचे श्रेय ध्वनीकडे जाते. मराठी कानाला ‘डुलॅली’त ‘डुलणे’ ऐकू येते, त्याचा मात्र व्युत्पत्तीशी काडीचा संबंध नाही.

पवित्र नावाचा असा अर्थापकर्ष इंग्रजीत पूर्वी एकदा झालेला आहे. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या नावाने एक मठ स्थापन झाला. पुढे तिथे वेड्यांना ठेवू लागले. लोकांच्या तोंडी बेथलेहेमचे ‘बेडलम’ झाले आणि ‘बेडलम’चा अर्थ गोंधळ, आरडाओरड असा झाला. ख्रिस्ताचे जन्मगाव आणि नाशिकजवळचे देवळाचे गाव, दोन्ही इंग्रजी कोशात वेडाच्या दालनात शेजारी बसली आहेत. यावरून इंग्रजीला नावे ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. ‘याला आता ठाण्याला पाठवा’ किंवा ‘याची जागा येरवड्याला’ ही वाक्ये मराठी माणसाने कितीदा उच्चारली असतील! ठाणेकरांना आणि येरवड्याच्या रहिवाशांना काय वाटते हे विचारण्याची गरज आपल्यालाही वाटलेली नाही. फरक एवढाच की ठाणे आणि येरवडा यांच्या मागे खरोखरीची मनोरुग्णालये आहेत, आणि मराठी वक्त्याला ती ठाऊक असतात. ‘डुलॅली’ म्हणणाऱ्या इंग्रजाला आपण एका गावाचे नाव घेत आहोत याची कल्पनाही बहुधा नसते. विशेषनामाचे सामान्य विशेषण होण्याची क्रिया येथे पूर्ण झालेली आहे. रोमन लिपीत त्याचे थोरले आद्याक्षरही गळाले.

त्याच काळात त्याच गावाला दुसऱ्या भाषांतून दुसरा अर्थ मिळत होता. मुंबईच्या पारशी आणि गुजराती कुटुंबांना, आणि त्यांच्या मागोमाग मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांना, देवळाली म्हणजे हवापालट. आजारातून उठलेल्या माणसाने महिना-दोन महिने राहावे, भूक लागावी, रंग यावा, म्हणून तिथे आरोग्यभवने आणि बंगले उभे राहिले. गोऱ्या शिपायाची मुदत जिथे संपत नव्हती तिथेच ही माणसे मुदत वाढवून मागत असतील. हवा तीच होती आणि संध्याकाळीही त्याच होत्या. एका गटाला परत जाण्याचे तिकीट आपल्या हाती होते, दुसऱ्याचे तिकीट जहाजाच्या वेळापत्रकात अडकले होते, एवढाच काय तो भेद. ‘देवळालीची हवा मानवली’ असे मराठीत म्हटले जात असता इंग्रजीत ‘डुलॅली’चा अर्थ ठरत होता. या दोन वाक्यांची एकमेकांशी गाठ कधी पडली नाही. छावणीत पाणी भरणारे, पंखा ओढणारे, कपडे धुणारे जे लोक आसपासच्या गावांतून येत असतील त्यांनी तापाविना बरळणाऱ्या या साहेबांना काय नाव दिले होते, ते कोणत्याही कोशात आलेले नाही. ती पोकळी आता भरून निघणे कठीण.

दुसऱ्या महायुद्धात देवळालीतली गर्दी पुन्हा वाढली. १९४५ मध्ये लढाई संपली तरी जहाजांची टंचाई संपली नाही आणि घरी जाण्यास आतुर झालेली माणसे पुन्हा वाट पाहू लागली. हिंदुस्थानातील ब्रिटिश हवाई दलाच्या तळांवर १९४६ च्या जानेवारीत जे संप झाले त्यांचे एक मुख्य कारण परत पाठवण्यातील दिरंगाई हेच होते. त्याच छावणीत सैनिकांच्या करमणुकीसाठी नाट्यपथके होती. अशा एका पथकात काम केलेल्या जिमी पेरी यांनी पुढे डेव्हिड क्रॉफ्ट यांच्या सहकार्याने बीबीसीसाठी ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका लिहिली. १९७४ ते १९८१ या काळात ती चालली आणि तिच्या आरंभीच्या भागांतील घटनास्थळ देवळाली हेच होते. इंग्रज प्रेक्षकांच्या एका पिढीला त्यामुळे गाव आणि शब्द यांचा संबंध पुन्हा कळला असेल. तो कळला हास्यातून, आणि गोऱ्या नटाने तोंड रंगवून केलेल्या हिंदी नोकराच्या भूमिकेसह. ही मालिका आज का खटकते याची चर्चा इंग्लंडमध्येच पुष्कळ झालेली आहे.

शेवटची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या गेटवेमधून बाहेर पडली. त्यानंतर देवळालीत जहाजाची वाट पाहणारा कोणी उरला नाही. शब्द मात्र इंग्लंडच्या स्वयंपाकघरांत राहिला, आणि तिथे त्याला एक नवे काम मिळाले. वृद्ध माणसे स्वतःविषयी तो वापरू लागली. नाव आठवेना, शेगडीवर भांडे राहिले, की ‘मी डुलॅली होत चालले आहे’ असे म्हणून हसायचे. भय सांगायचे तर असते, पण त्याचे खरे नाव घ्यायचे नसते, अशा वेळी हा शब्द उपयोगी पडतो. शिपायांनीही तो याच कामासाठी घडवला होता.

इंग्रजी-मराठी कोशात या शब्दासमोर काय लिहावे, हा प्रश्न त्यामुळे वाटतो तितका सोपा नाही. ‘वेडा’ फार उघडे आहे. ‘भ्रमिष्ट’मध्ये गांभीर्य आहे पण हसू नाही. ‘चक्रम’मध्ये हसू आहे पण तो स्वभाव झाला, झालेला बदल नव्हे. ‘डोक्यावर परिणाम झाला’ हा वाक्प्रचार अर्थाने जवळचा, परंतु त्याला शेजाऱ्यांच्या कुजबुजीचा वास येतो. सर्वांत जवळ जातो तो ‘चळ’. चळ लागतो, म्हणजे तो बाहेरून येतो. तो हास्यास्पद असतो आणि दयनीयही. शिवाय मराठीत ‘म्हातारचळ’ हा शब्द आधीच आहे, त्यामुळे स्वतःवर हसणाऱ्या त्या वृद्धांच्या वापरालाही तो अगदी परका वाटणार नाही. ‘म्हातारचळ’च्याच धर्तीवर मूळ जोडशब्दासाठी ‘छावणीचळ’ असे रूप घडवता येईल. त्यात जागेवरचा ठपका कायम राहतो. ‘ताप’ मात्र जातो, आणि ज्या एका भाषेत तो सहज राखता आला असता त्याच भाषेत तो गमवावा लागतो, ही भाषांतराची अडचण आहे. ‘देवळालीचा ताप’ असे सरळ लिहावे, तर मराठी वाचक त्याचा अर्थ साथीचा रोग असा करील, किंवा तिथे बदली झालेल्या एखाद्या कर्मचाऱ्याची तक्रार असा.

कोशाचा प्रश्न असा लोंबकळत असताना रेल्वेने आपल्यापुरता निकाल लावून टाकलेला आहे. इगतपुरीकडून नाशिकरोडकडे जाताना लहवितनंतर जे स्थानक येते त्याच्या फलकावर रोमन अक्षरांत ‘देओलाली’ हे छावणीचे जुने रूप नाही. तिथे ‘व’ आपल्या जागी परत आलेला आहे आणि नाव ‘देवलाली’ असे वाचता येते. ‘ळ’ला रोमन लिपीत जागा नाही, म्हणून तेवढा राहिला. गाडी तिथे दोन मिनिटे थांबली आणि खिडकीपाशी एखादा इंग्रज प्रवासी बसलेला असला, तरी त्या फलकात त्याला ‘डुलॅली’ दिसण्याचे काहीच कारण नाही.